मृगाआधीची डागडुजी

मे महिना सरत आला की पैठण, फुलंब्री, सिल्लोडकडच्या गावांत दोन कामे एकदमच निघतात. माळवदावर खारी माती घालायची आणि परसात वाल-दोडक्यासाठी आळी करायची. एक काम घराचे, दुसरे बागेचे, अशी आपण त्यांची वाटणी करतो. माझे म्हणणे असे की या दोन्ही कामांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: वरून पडलेले आणि मोरीतून सांडलेले पाणी घरापासून दूर कुठे न्यायचे? तो सुटला तर मातीचे घर दोन-तीन पिढ्या सहज निघते. तो चुकला तर स्लॅबसुद्धा गळतो.

हिशेब मांडून बघा. आपल्या जिल्ह्यात वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर 300 चौरस फुटांच्या माळवदावर साडेएकोणीस हजार लिटर पाणी पडते, आणि त्यातले बहुतेक चार महिन्यांत. पन्हाळ आखूड असेल तर हे पाणी थेट भिंतीच्या पायाशी कोसळते. मातीची भिंत बहुधा खालूनच खचते. शिंतोड्यांनी पायथा झिजतो आणि वरचे वजन त्या झिजलेल्या जागेवर येते. त्यात घर काळ्या मातीवर असेल तर आणखी पंचाईत. ही माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. दाराच्या कोपऱ्यातून वर तिरकी चीर गेलेली दिसली, तर गिलावा भरण्याआधी बाहेर जाऊन भिंतीच्या बुडाशी पाणी साचते का, ते बघावे. चीर बहुधा तिथून आलेली असते. तिच्यात सिमेंट भरले तरी पुढच्या वर्षी ती शेजारून निघते. म्हणून भिंतीलगत दोन-तीन फूट रुंदीचा मुरूम चोपून त्याला बाहेरच्या बाजूला उतार द्यावा आणि आळी त्याच्या पलीकडे करावीत. कढीपत्ता हाताशी असावा म्हणून भिंतीला चिकटून लावणे आणि रोज बादलीभर पाणी घालणे, ही घराला आपल्याच हाताने दिलेली ओल आहे. मोरीचे पाणी दूर नेऊन अळू-केळीला द्यावे. जे उरेल त्याला शोषखड्डा. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघरी असे खड्डे घेऊन गटारे आणि डास दोन्ही हटवले, ते फार अवघड तंत्र नव्हे.

आता साहित्याचे. खारी माती माळवदावर का चालते? तिच्यात सोडियमचे क्षार जास्त असतात. ओली झाली की तिचे बारीक कण सुटे होऊन पसरतात, छिद्रे बुजवतात आणि पाणी वरच्या वर वाहून जाते. शेणामातीच्या गिलाव्यातले भुस्सा-काड्यांचे तंतू वाळताना तडे जाऊ देत नाहीत. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले होते, हे 2016 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समजले. तेव्हा तंतूंची ही युक्ती आपल्याच जिल्ह्यात हजारभर वर्षे टिकून दिसते. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मात्र करू नये. आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही, माती मऊ होते आणि एक दिवस गिलावा पोपडे धरून उतरतो. द्यायचाच असेल तर चुना द्यावा.

यावर कुणी म्हणेल, घरकुल मिळाले की ही कटकट संपली. संपत नाही, बदलते. स्लॅबचे पन्हाळ निंबाच्या पाल्याने तुंबले की पाणी साचून आत झिरपते, सळया गंजून फुगतात आणि छताचे तुकडे पडतात. वर्षातून एकदा झाडून पन्हाळ मोकळे करणे तिथेही चुकत नाही. दुसरी तक्रार जास्त खरी आहे: गोठ्यात जनावर राहिले नाही, शेण आणायचे कुठून, आणि सारवण करायचे कुणी? ही कामे आजवर घरातल्या बायकांच्या अंगावर फुकट पडत आली. त्यांची वाटणी घरातल्या सगळ्यांत होत नसेल, तर जुन्या पद्धतीचे कौतुक करण्याचा हक्क पुरुषांना नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर, तो किल्लारीच्या भूकंपाचा. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर-धाराशिवकडे माळवदाच्या घरांखाली हजारो माणसे गेली. मग माळवदाची तरफदारी कशी करायची? तिथे घात केला तो दगडमातीच्या जाड, सांधा न धरलेल्या भिंतींनी आणि छपरावरच्या बेसुमार ओझ्याने. हे ओझे दर वर्षीच्या डागडुजीनेच वाढले होते: जुनी माती तशीच ठेवून वर नवा थर. म्हणजे डागडुजी अर्धवट केली तर तीही जिवावर उठते. भिंतीच्या आरपार जाणारे दगड बसवणे गवंड्याचे काम आहे, पण छपराचे ओझे आपल्याला हलके करता येते. तेव्हा यंदा खाऱ्या मातीची खेप टाकण्याआधी माळवदाच्या एका कोपऱ्यात खोदून जुना थर मोजा. तो वीतभराहून जाड निघाला तर आधी जास्तीची माती खाली उतरवा, आणि नवी मगच चढवा.