मतच न देणारे आमदार



आमदाराने मत कोणत्या बाजूस दिले, एवढेच आपण विचारतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात जून २०१९ मध्ये तिसराच प्रकार घडला. कर्बवायूंच्या उत्सर्जनास मर्यादा घालणारे विधेयक कनिष्ठ सभागृहाने संमत केले होते. सिनेटचे सभासद ३०, गणपूर्तीस २० हवेत. विरोधी रिपब्लिकन पक्षाचे ११ सभासद निघूनच गेले! विधेयक बारगळले. (आपल्या घटनेचे १८९ वे कलम दशांश गणपूर्तीवर भागविते, येथे ही युक्ती साधणे कठीण.) इंधन महागेल ही त्यांची तक्रार क्षुल्लक नव्हती, परंतु ती सभागृहात उभे राहून, नाव नोंदवून मांडावयाची असते. २०२२ साली मतदारांनीच राज्यघटना दुरुस्त केली : १० वा अधिक बैठकांस विनापरवानगी गैरहजर राहणारा पुढील कार्यकालास अपात्र. २०२३ साली पुन्हा बहिष्कार झाला. त्यातील सभासदांची अपात्रता तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायम केली.