हंगामाआधीची बैठक

दिवाळी सरली की बीड जिल्ह्यातल्या कितीतरी घरांना कुलूप लागतं. आईबाप ऊसतोडीला निघतात. मुलं आजीजवळ राहतात, नाहीतर शाळा सोडून फडावर जातात. मुलगी वयात आली असेल तर घोर वेगळाच. शिवाय ऊसतोडीत नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, आणि त्या जोडीवरच मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते. मग हंगामाच्या तोंडावर त्या मुलीचं लग्न उरकलं जातं.

हे आधी कळतं अंगणवाडीताईंना, आशाताईंना, हजेरी घेणाऱ्या गुरुजींना. पण एकट्यादुकट्याने तोंड उघडणं अवघड; त्याच गावात राहायचं असतं ना! म्हणून तर ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, सोबत पोलीस पाटील. ग्रामसेवकाकडे तर बालविवाह प्रतिबंधक अधिकाऱ्याचे अधिकारच आहेत. खरं सांगायचं तर बऱ्याच ठिकाणी ही समिती कागदावरच असते. तिने हंगामाआधी बसून कोणतं मूल कुणाकडे राहणार, शाळेत कोण पोचवणार, एवढी यादी केली तरी पुष्कळ झालं.

लैंगिक अत्याचाराची शंका आली, तर मात्र बैठकीची वाट पाहायची नाही आणि गावातल्या गावात मिटवायचंही नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक केलं आहे. इतर कोणत्याही अडचणीतल्या मुलासाठी चाईल्ड हेल्पलाईन आहे: १०९८. दिवसरात्र चालू, फोन मोफत.