मर्दानी खेळ दुरून शिकता येतात का?



आज एका गुरुजींच्या पत्रापासून सुरुवात करतो. डोंगराकडेच्या एका लहान गावात ते शिक्षक आहेत. ते लिहितात, "आमच्या शाळेत सातवी-आठवीच्या अठरा मुली आहेत. पुढे हायस्कूलसाठी त्यांना दीड कोस पायी जावे लागेल. स्वसंरक्षणाचे चार धडे मिळावेत, अशी त्यांची आणि त्यांच्या आयांची इच्छा आहे. गावात तालीम नाही, वस्ताद नाही. मोबाइलवर मात्र ज्यूदो, कराटे, लाठी, सगळे दिसते. ते पाहून मी शिकवले तर चालेल का?"

प्रश्न साधा दिसतो खरा, पण 'नाही' म्हणावे तर या मुलींच्या हाती काहीच पडत नाही, आणि 'हो' म्हणावे तर भलताच धोका पदरी येतो. म्हणून जरा खोलात जाऊ.

अशी चर्चा निघाली की पारावर कोणीतरी एकलव्याचे नाव काढतोच. द्रोणाचार्यांनी नाकारले, त्याने मातीचा पुतळा मांडला आणि अर्जुनाला धाक वाटावा असा धनुर्धर झाला. मग पुतळा चालतो, तर मोबाइल का नको? पण गंमत पाहा. एकलव्य शिकत होता धनुर्विद्या. बाण सुटला की तो लागतो किंवा चुकतो. दोन बोटे डावीकडे गेला, तर तसे डोळ्यांना दिसते. पुतळा मुका होता, पण बाण बोलत होता. चूक दाखवणारा गुरू एकलव्याच्या भात्यातच होता. तोच जर कुस्ती शिकायला बसला असता, तर त्या पुतळ्याने त्याला काय सांगितले असते?

हा धडा मी स्वतः बोटांवर मार खाऊन शिकलो आहे. तरुणपणी मी पुस्तकातली चित्रे पाहून लाठी शिकलो. घरामागच्या खळ्यात रोज पहाटे वार आणि अडवणूक घोकली. हात इतका साफ झाला की आपण लाठीबहाद्दर झालो असे वाटू लागले. पुढे तालुक्याच्या गावी व्यायामशाळेत गेलो. तिथल्या एका किरकोळ पोराने समोर उभे राहून पहिलाच वार असा केला की माझी लाठी एकीकडे आणि मी दुसरीकडे. माझे वार चुकीचे नव्हते. पण पुस्तकातला प्रतिस्पर्धी माझी तयारी होईपर्यंत थांबत असे. हा पोरगा थांबला नाही. तिथले वस्ताद हसून म्हणाले, "बाळा, तुला लाठी येते. भांडायला अजून कोणी भेटलं नव्हतं तुला."

म्हणून कोणतीही विद्या दुरून शिकण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा : माझी चूक मला कोण दाखवणार? जिथे स्वतःचे शरीर किंवा वस्तूच चूक दाखवते, तिथे गुरू दूर असला तरी भागते. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, पवित्र्यात उभे राहणे, लाठी फिरवण्याचा सराव, कराटेतला 'काता' म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, हे सारे चित्रावरून, पुस्तकावरून बरेचसे साधते. आपल्या मराठीत तर बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढून कुस्तीपासून शस्त्रांच्या खेळांपर्यंतचे ज्ञान कागदावर आणून ठेवले. २०२० साली साथीमुळे तालमींना कुलपे लागली, तेव्हा पोरांनी अंगणात जोर-बैठका मारून अंग राखले. पण अंग राखणे निराळे आणि कुस्ती निराळी. त्यासाठी जोड लागतेच.

जपानात जिगोरो कानो यांनी १८८२ साली ज्यूदोची कोदोकान ही संस्था काढली. त्यांच्या शिक्षणातही दोन भाग आहेत. एक 'काता', ठरलेला क्रम. दुसरा 'रांदोरी', म्हणजे समोरच्याशी मोकळी झटापट. पहिला भाग काही अंशी पाहून घेता येईल. दुसऱ्यात समोरच्याचे वजन कोणत्या पायावर आहे, तो आता ओढणार की ढकलणार, हे डोळ्यांना कळण्याआधी हाताला कळावे लागते. ते ज्ञान स्पर्शाचे आहे. पडद्यावर स्पर्श उमटत नाही.

हा प्रश्न मोबाइलमुळे आला असेही नाही. अमेरिकेत 'फार्मर' बर्न्स नावाचा नामांकित मल्ल होता. शंभरएक वर्षांपूर्वी तो टपालाने कुस्तीचे पाठ पाठवीत असे. त्यांत व्यायाम होता, सचित्र डाव होते. पण त्याचा सर्वांत गाजलेला शिष्य फ्रँक गॉच, ज्याने १९०८ साली शिकागोत हॅकेनश्मिटला हरवून जगज्जेतेपद मिळवले, त्याला बर्न्सने स्वतः हाताखाली घेऊन तयार केले होते.

आपल्या खाशाबा जाधवांचेच पाहा. गोळेश्वरचा हा मल्ल मातीत घडला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये तो मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला त्याने कांस्यपदक मिळवले. एवढ्या तयारीच्या पैलवानालासुद्धा पायाखालची मॅट अंगवळणी पाडून घ्यावी लागली.

आता गुरुजींच्या अठरा मुलींकडे येऊ. मनगट धरले तर अंगठ्याच्या बाजूने झटका देऊन सोडवावे, हे मोबाइलवर दिसते आणि ते खरेही आहे. पण वर्गात मैत्रीण मनगट धरते तेव्हा ती हसत-हसत सोडूनही देते. मुलीला वाटते, आपल्याला आले. उद्या दांडग्या माणसाने धरले आणि सुटले नाही तर? या खोट्या खात्रीपायी ती पळायची वेळ असताना थांबून राहील. काही न येण्यापेक्षा 'येते' असा भ्रम अधिक घातक.

तेव्हा गुरुजी, असे करा. अंगमेहनत, धावणे, तोल, पवित्रा, पोटातून मोठ्याने ओरडणे, हे आजच सुरू करा. धोका दिसताच दूर जाणे, जोडीने चालणे, घडलेले घरी किंवा शाळेत न लाजता सांगणे, ११२ आणि १०९८ हे मदतीचे क्रमांक तोंडपाठ असणे, यालाही स्वसंरक्षणच म्हणतात. आणि हे शिकवायला वस्ताद लागत नाही.

मात्र उचलून टाकणे, मान किंवा गळा आवळणे, सांधा पिरगाळणे हे पडदा पाहून मुळीच करू देऊ नका. ज्यूदोत दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतः कसे पडावे ते शिकवतात. शाळेच्या फरशीवर ही चूक एकदाच होते आणि जन्मभर पुरते.

मग पंचक्रोशीत चौकशी करा. एखादा जुना पैलवान, पोलिसात असलेली एखादी ताई, तालुक्याची ज्यूदो शिक्षिका, कोणीतरी निघेल. सुट्टीत आठ-दहा दिवस त्यांना गावात आणा. तुम्ही आणि एखाद-दोन आया जातीने हजर राहा. त्यांनी प्रत्येक मुलीचा गुडघा, खांदा, पकड हाताने जुळवून द्यावी. ते परत गेले की मग मोबाइल कामाला लावा. सरावाचे चित्रण समोरून आणि बाजूने करून त्यांना पाठवा, चुका विचारा, आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांना पुन्हा बोलवा. एकदा हाताने लावलेले वळण दुरून राखता येते. पण पहिले वळण दुरून लागत नाही.

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांनी तरुणपणी तालमीची माती अंगाला लावली आहे, त्यांनाही शेवटी एक विनंती. जवळच्या शाळेत एकदा जाऊन या. तिथे कोणीतरी तुमची वाट पाहत असेल.