दगडाखालचे सोने

कोकणातील आणि देशावरील जुन्या घरांत बारीक पांढऱ्या साखरेला ‘मोरस साखर’ म्हणत. वडोदऱ्याकडील मराठी मंडळींना तर हा शब्द मुद्दाम सांगावयास नको. गुजरातीत मोरस म्हणजे साखरच. या शब्दाचे मूळ मॉरिशस या बेटाच्या नावात आहे. मादागास्करच्या पूर्वेस, हिंदी महासागरात वसलेले हे बेट क्षेत्रफळाने गोव्याच्या निम्मे भरेल. तेथील साखर जहाजांतून मुंबईस येत असे आणि सणासुदीला घरोघर पोहोचत असे. परंतु ज्या बंदरातून ती साखर आत येई, त्याच बंदरातून ती पिकविणारी माणसे बाहेर जात होती, हे खाणारांपैकी थोड्यांच्याच ध्यानी आले असेल. ती माणसे काय आशा धरून गेली आणि तेथे त्यांच्या पदरी काय पडले, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे.

ब्रिटिश पार्लमेंटने १८३३ मध्ये गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला. मॉरिशसमध्ये त्याचा अंमल १८३५ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. मुक्त झालेले गुलाम उसाच्या मळ्यात राबावयास राजी नव्हते आणि मळेवाल्यांना तर हातांची गरज होती. कायदा अमलात येण्यापूर्वीच त्यांनी हिंदुस्थानाकडे दृष्टी वळविली. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ नावाचे जहाज कलकत्त्याहून छोटा नागपूरच्या डोंगराळ मुलखातील ३६ मजूर घेऊन पोर्ट लुईच्या बंदरात आले. तेथपासून १९१० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे या एका बेटावर उतरली. मॉरिशसमध्ये ही योजना मळेवाल्यांना किफायतशीर ठरली, म्हणून पुढे गयाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी येथेही तोच कित्ता गिरविण्यात आला.

बहुतेक मजूर बिहार, संयुक्त प्रांत आणि तामिळ-तेलुगू मुलूख यांतले होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांची संख्या त्या मानाने थोडी; पण त्यांत रत्नागिरीकडील कुणबी आणि मराठे यांचा भरणा होता. त्या काळचे रत्नागिरी म्हणजे खडकाळ डोंगर, चिंचोळी भातखाचरे आणि वर खोताचा वसूल. घरातील एक माणूस पलटणीत, दुसरा मुंबईस आणि उरलेली घरी सावकाराची वाट पाहत, अशी कित्येक कुटुंबांची स्थिती होती. ज्याने मुंबईची वाट एकदा धरली, त्याला बंदरातले दलाल आणखी पुढची वाट दाखवीत.

दलाल काय सांगत, याच्या आठवणी मॉरिशसमधील भारतीय वंशजांनी पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवल्या आहेत. भोजपुरी मुलखात या बेटाला ‘मिरिच देश’ म्हणत. तेथे दगड उलटा केला की खाली सोने सापडते, अशी आख्यायिका होती. दगडांपुरती ती खरी निघाली. हे बेट ज्वालामुखीतून निर्माण झालेले. त्याच्या जमिनीत काळ्या कातळाचे गोटे भरलेले. ऊस लावावयाचा म्हणजे आधी दगड उपसावे लागत. मजुरांनी ते उलटले, उचलले आणि शेताच्या मध्यभागी रचून ठेवले. आज तेथे उसाच्या हिरव्या शेतांत काळ्या दगडांच्या मोठमोठ्या राशी उभ्या दिसतात. सोने त्या दगडांखाली नव्हते.

तथापि जाणारा प्रत्येक जण सोन्याच्या गोष्टीवर विश्वासून गेला, असे मानणे म्हणजे त्याच्या बुद्धीचा अपमान करणे होय. बहुतेकांची अपेक्षा फार साधी होती. पाच वर्षे काम करावयाचे, चार पैसे गाठीस बांधावयाचे आणि परत येऊन कर्ज फेडावयाचे किंवा गहाण पडलेला तुकडा सोडवावयाचा. पहिल्या करारांत पुरुषास दरमहा पाच रुपये, शिवाय तांदूळ, डाळ, मीठ, धोतरे आणि घोंगडी देण्याचे कबूल केलेले असे. पाच वर्षांचे साठ महिने. साठ महिन्यांचे तीनशे रुपये. गावी राहून तीनशे रुपये शिल्लक टाकणे शेतमजुराला एका जन्मात शक्य नव्हते. तेव्हा हिशेब चुकीचा नव्हता. फक्त हिशेबाचा अर्धाच कागद त्याच्यापुढे ठेवण्यात आला होता.

दुसरा अर्धा कागद बेटावर उतरल्यावर वाचावयास मिळे. मजूर जहाजात चढण्यापूर्वी त्याला काही महिन्यांचा पगार आगाऊ मिळे. त्यातील बराचसा दलालाच्या आणि मधल्या माणसांच्या खिशात जाई. मात्र मळ्यावर तो पुरता फेडून घेण्यात येई. रजेवाचून एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांचा पगार कापावयाचा, असा ‘दुहेरी कपाती’चा नियम होता. महिन्यात पाच दिवस असे गेले तर दहा दिवसांची मजुरी, म्हणजे पगाराचा तिसरा हिस्सा, नाहीसा होई. आजारी माणसाला आपला आजार सिद्ध करणे नेहमीच जमे असे नाही. शिवाय पगार महिनोन्‌महिने थकविण्याची चाल होती, आणि पगार थकलेला मजूर मळा सोडून जाऊ शकत नसे. नव्या मजुराच्या करारातील पहिल्या वर्षाचा पाच रुपयांचा दर पुढे कित्येक दशके तसाच राहिला.

कामाविषयीची अपेक्षाही अशीच फसली. शेतीचे काम आहे, असे त्याला सांगण्यात आले होते आणि शेती त्याला ठाऊक होती. नांगरणी, पेरणी, कापणी, मधले सण, पावसातली उसंत, ही त्याची शेती. मळ्यातील शेती पहाटेच्या घंटेने सुरू होई. टोळीने कामावर जावयाचे, टोळीने परतावयाचे. टोळीवर देखरेख करणाऱ्या मुकादमास तेथे ‘सरदार’ म्हणत. शिंदे-होळकरांच्या सरदारांच्या कथा ऐकून मोठा झालेल्या माणसाला हातात छडी घेतलेला हा सरदार पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. राहण्यास मळ्याच्या कडेला झोपड्यांची किंवा खोल्यांची रांग असे. कित्येक मळ्यांवर गुलामांनी सोडलेल्या निवाऱ्यांतच नव्या माणसांची सोय केली गेली. पहिल्या दशकांत स्त्रियांची संख्या अतिशय कमी असल्यामुळे घर या शब्दाला फारसा अर्थही उरला नव्हता.

सरकारला हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १८३८ मध्ये कलकत्त्यात चौकशी समिती बसली आणि फसवणुकीच्या, पळवून नेण्याच्या साक्षी तिच्यापुढे झाल्या. मजूर पाठविणे काही काळ बंद पडले. १८४२ च्या कायद्याने ते पुन्हा सुरू झाले, ते मात्र संरक्षक अधिकारी नेमून, नोंदवह्या ठेवून आणि ठरावीक बंदरांतूनच. १८४९ मध्ये पोर्ट लुई येथे नवी छावणी बांधण्यात आली. बोटीतून उतरलेला मनुष्य सोळा दगडी पायऱ्या चढून तेथे येई, त्याला क्रमांक मिळे आणि सुमारे दोन दिवसांत त्याचा मळा ठरे. पुढे त्याचे छायाचित्र काढून ठेवण्याची पद्धतही आली. नोंद चोख ठेवली जाई, परंतु न्यायाच्या बाबतीत तेवढी चोख व्यवस्था नव्हती.

सर्वांत मोठी अपेक्षा परतण्याची होती, आणि तिच्याच मुळावर घाव पडला. प्रारंभीच्या करारांत परतीच्या प्रवासाची तरतूद असे. शतकाच्या मध्यास फुकट परतीचा हा हक्क काढून घेण्यात आला. करार संपलेला मनुष्य आता स्वतंत्र, असे कागदोपत्री म्हणता येई; पण त्याने स्वतंत्रपणे फिरू लागावे, हे मळेवाल्यांना परवडणारे नव्हते. १८६७ च्या मजूर कायद्याने अशा जुन्या मजुरास स्वतःच्या खर्चाने छायाचित्र लावलेला परवाना बाळगणे भाग पडले. परवाना जवळ नसलेला माणूस ‘भटका’ ठरे आणि शिपाई त्याला पकडून नेई. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली होती. त्या साथीतून वाचलेल्यांच्या कपाळी हा कायदा आला.

या अन्यायाला पहिली मोठी वाचा फोडणारा मनुष्य भारतीय नव्हता. आडॉल्फ द प्लेविट्झ हा पॅरिसमध्ये जन्मलेला, जर्मन वंशाचा गृहस्थ सासऱ्याचा मळा सांभाळत असे. त्याने १८७१ मध्ये जुन्या मजुरांच्या वतीने गव्हर्नराकडे अर्ज केला. त्यावर ९,४०१ जणांच्या सह्या आणि निशाण्या होत्या. मळेवाल्यांनी त्याला बेटाबाहेर घालविण्याची मागणी केली. भर शहरात त्याच्यावर हात टाकण्यात आला. पण १८७२ मध्ये शाही आयोग आला. १८७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अहवालाने परवान्यांचा जाच आणि पगारातील कपात यांवर बोट ठेवले. १८७८ मध्ये कायदा काहीसा सौम्य झाला.

इतके सारे असूनही माणसे जातच राहिली, हा इतिहासाचा एक अवघड भाग आहे. जवळजवळ तिसरा हिस्सा मजूर हिंदुस्थानात परतले, आणि परतलेल्यांपैकी काही जण बायकामुले, भाऊबंद आणि गावकरी बरोबर घेऊन पुन्हा गेले. मळ्यातील सरदारच गावी येऊन माणसे जमवून नेत. या लोकांना फसविले गेले होते असे म्हणता येत नाही. मळ्याचे वास्तव त्यांनी पाहिले होते. गावचे वास्तव त्यांना त्याहून बिकट वाटले, एवढाच त्याचा अर्थ. दुष्काळ, कर्ज आणि जातीचा जाच यांच्या पारड्यात तोलून पाहता दुहेरी कपातीचा मळाही कोणाला हलका वाटू शकतो.

मॉरिशसचे वेगळेपण दिसते ते येथून पुढे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात बीटची साखर वाढली, भाव पडले आणि मळेवाले अडचणीत आले. मळ्याच्या कडेची, खडकाळ, दूरची जमीन त्यांनी तुकडे पाडून विकावयास काढली. घेणारे बहुतांशी भारतीय होते. भाजीपाला पिकवून, गाय पाळून, दूध विकून, सरदारकी करून जमविलेला पैसा या तुकड्यांत गेला. पुष्कळांनी हप्त्यांनी जमीन घेतली. तीनशे रुपये गाठीस बांधून गावी जाण्याचे मूळचे स्वप्न विरून गेले होते. त्याच्या जागी एक-दोन एकरांचे नवे, लहान, परंतु हाताने चाचपून पाहता येईल असे स्वप्न आले. ज्या दगडांखाली सोने नव्हते, तेच दगड आता स्वतःच्या शेतातून उचलावयाचे होते. मळ्याची छावणी सुटून गाव वसले, गावात ‘बैठका’ उभ्या राहिल्या आणि तेथे मुले रामायण व अक्षरे शिकू लागली.

मराठी माणसांची वस्ती मुख्यत्वे ब्लॅक रिव्हर आणि व्हाकोआ या भागांत झाली. बेटावरील लोक त्यांना मुंबई बंदरावरून ‘बॉम्बे’चे म्हणून ओळखत. १८९६ मध्ये हेन्रिएटा येथे गणपती बसविण्यात आला, अशी नोंद तेथील मराठी समाज अभिमानाने सांगतो. आज गणेश चतुर्थी ही मॉरिशसची सार्वजनिक सुटी आहे. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ होऊन टिकली आहे. घरात बोलण्याची भाषा मात्र कालांतराने क्रिओल झाली. मराठी तेथील शाळांतून शिकविली जाते; म्हणजे जी आजीच्या तोंडून यावयाची, ती नातवंडांना पुस्तकातून घ्यावी लागते. नवा देश माणसाला सामावून घेतो तेव्हा त्याची काय किंमत घेतो, हे याहून स्पष्ट दाखविणारे उदाहरण सहसा सापडत नाही.

करारपद्धतीचा शेवट होण्यास मात्र बराच काळ लागला. गांधीजी १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून परतताना या बेटावर थांबले. त्यांच्या प्रेरणेने वडोदऱ्यात जन्मलेले तरुण बॅरिस्टर मणिलाल डॉक्टर १९०७ मध्ये तेथे गेले, त्यांनी न्यायालयांत मजुरांची बाजू लढविली आणि १९०९ मध्ये ‘हिंदुस्तानी’ हे पत्र काढले. इकडे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेल्या गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१२ मध्ये ही पद्धत सर्वस्वी बंद करण्याचा ठराव वरिष्ठ विधिमंडळात मांडला. तो त्या वेळी फेटाळला गेला. १९१७ मध्ये करारावर मजूर पाठविणे थांबले, तेव्हा तो ठराव मांडणारा हयात नव्हता. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले आणि त्याचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम हे एका बिहारी मजुराचे पुत्र होते.

त्या सोळा पायऱ्यांची जागा आज ‘आप्रवासी घाट’ या नावाने ओळखली जाते. २००६ मध्ये युनेस्कोने तिचा जागतिक वारशात समावेश केला. मजुरांच्या नोंदवह्या आणि छायाचित्रे महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवलेली आहेत. पणजोबांचा क्रमांक शोधीत वंशज तेथे येतात आणि कित्येकांना त्या वहीतूनच आपल्या मूळ जिल्ह्याचे नाव प्रथम कळते.

समुद्रापलीकडे पोटासाठी जाणे काही थांबलेले नाही. गोव्यातून, रत्नागिरीतून, हैदराबादेतून माणसे आखाती देशांत जातात. १९८३ च्या भारतीय कायद्याने परदेशी नोकरीसाठी माणसे पाठविणाऱ्या दलालाला नोंदणी सक्तीची केली आणि जाणाऱ्यांसाठी संरक्षक अधिकारी ठेवला, याच्या मागे त्या जुन्या अनुभवाची सावली आहे. पगार किती, हे जाणारा नेहमीच विचारतो. कपात कशाकशाची, पगार थकला तर दाद कोणाकडे मागावयाची, मुदत संपल्यावर परतीचे भाडे कोणाचे आणि मधेच सोडून यावयाचे झाल्यास वाट मोकळी आहे की नाही, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. कारण निघण्याच्या घाईत असलेल्या माणसाला ते अपशकुनी वाटतात. मॉरिशसला गेलेल्या साडेचार लाखांना हे प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. आज ती आहे. जाणाऱ्याने निघण्यापूर्वी ते विचारावेत आणि घरच्या मंडळींनी त्याला विचारू द्यावेत.