मध्यरात्रींचा थोडा प्रवाह



तोळाभर सोनें तोलावयास कोणी वखारींतला काटा आणीत नाहीं. मोठ्या इमारतींच्या विजेच्या मापांत मात्र पुष्कळदां हेंच घडतें. लिफ्ट, पाण्याचे पंप व जिन्यांतले दिवे यांचा सामाईक भार मोठा असला, तर मीटरच्या अलीकडे करंट ट्रान्सफॉर्मर बसवितात. लोखंडाचें कडें, त्यावर तारेचें वेटोळें, आणि कड्यांतून जाणारी मुख्य केबल, एवढाच हा संसार. त्यावर २००/५ असें लिहिलेलें असल्यास केबलींतील २०० अँपिअरांचे मीटराकडे ५ अँपिअर येतात, व तें माप ४० पटींनीं मोजलें जातें.

शाळेंत त्रैराशिक शिकवितांना आम्ही प्रमाण सर्वत्र सारखेंच धरीत असूं. लोखंड तसें धरीत नाहीं. त्यास चुंबकत्व देण्यांत प्रवाहाचा कांहीं अंश खर्ची पडतो. प्रवाह मोठा असतां तो जाणवत नाहीं. प्रवाह थोडा असतां लोखंड चुंबकत्व सहज घेत नाहीं, आणि खर्चाचें प्रमाण वाढतें. ०.५ वर्गाच्या यंत्रास आयईसी ६१८६९-२ या मानकानें पूर्ण प्रवाहास अर्धा टक्का, २० टक्के प्रवाहास पाऊण टक्का व ५ टक्के प्रवाहास दीड टक्का चूक माफ केली आहे. त्याखालीं मानक बोलतच नाहीं! मध्यरात्रीं ६ अँपिअर वाहत असतील, तर ते २०० चे अवघे ३ टक्के.

दुसरी चूक कोनाची. मीटराकडे येणारा प्रवाह मूळ प्रवाहाच्या किंचित् पुढें सरकतो. ५ टक्के प्रवाहास ही मुभा ९० कलांची, म्हणजे दीड अंशाची आहे. क्षुल्लक वाटते ना? परंतु पॉवर फॅक्टर ०.५ इतका उतरलेल्या मोटारीच्या मापांत एवढ्यानें सुमारें साडेचार टक्क्यांची भर पडते. पहिली चूक बहुधा वीज कमी दाखविते, ही जास्त. भुर्दंड पुरवठादारास कीं सभासदांस, हें भारावर अवलंबून!

‘पुढें भार वाढेल’ म्हणून मोठें गुणोत्तर घेण्यास दूरदृष्टि म्हणतात. मला तें पटत नाहीं. कमाल भार ८० अँपिअर असल्यास १००/५ मागावें. ०.५ एस वर्गाचें यंत्र १ टक्का प्रवाहापर्यंत मानकास बांधलेलें असतें. तेथें दीड टक्का, व ५ टक्क्यांस पाऊण टक्का. गुणोत्तर बदलल्यावर देयकांतला ४० चा गुणक २० झाला कीं नाहीं, हेंही पाहावें. मात्र पेटींत स्वतः हात घालूं नये. केबलींतून प्रवाह चालू असतां कड्यावरचें वेटोळें उघडें पडलें, तर जिवावर बेतणारा विद्युद्दाब उभा राहतो. समितीच्या सभासदांनीं अधिकृत माणसाकडून गुणोत्तर, वर्ग व रात्रींचा प्रवाह एवढे तीन आंकडे लिहून घ्यावे.