विद्यार्थ्यांनो, जीवशास्त्र घरी आणा

(आपल्या संस्थेच्या गुणवंत विद्यार्थी सत्कार समारंभात, नारपोली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही बँकेत कारकून आणि पदवी कला शाखेची. तेव्हा जीवशास्त्रावर आम्ही काय बोलणार, असा प्रश्न आपणास पडला असेल. परंतु आज सत्कार झालेल्यांपैकी बरेचजण अकरावीला विज्ञान शाखेत जीवशास्त्र घेणार आहेत, आणि ते कशासाठी घ्यायचे याचा विचार विज्ञानाच्या पदवीधराइतकाच तुमच्या घरच्यांनीही करावयाचा आहे. त्या घरच्यांपैकी एक म्हणून आम्ही चार शब्द बोलतो.

प्रथम इतिहासातील एक गोष्ट पाहू. 1896 साली मुंबईत प्लेग आला आणि तेथून पुण्यात पसरला. पुण्यात सावित्रीबाई फुले यांनी आपले पुत्र डॉ. यशवंत यांच्या सोबतीने प्लेगच्या रोग्यांची सेवा केली. ती करीत असतानाच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. आता दुसरी तारीख लक्षात घ्या. त्याच्या बरोबर दोन महिने आधी, 10 जानेवारी 1897 रोजी, मुंबईत डॉ. हाफकिन यांनी आपण तयार केलेली प्लेगची लस सर्वांत आधी स्वतःच्या अंगावर टोचून घेतली होती. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आजही उभी आहे. प्लेगचा जंतू 1894 सालीच हाँगकाँगमध्ये सापडला होता. पण तो उंदरावरच्या पिसवांमार्फत माणसापर्यंत पोचतो, हे सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1898 साली कराचीत दाखविले. म्हणजे सावित्रीबाई रोग्यांची सेवा करीत होत्या, तेव्हा पिसू हा शत्रू आहे हे जगात कोणी सिद्ध केले नव्हते.

मित्रहो, यातून आम्ही एवढेच घेतो की करुणेला प्रज्ञेची जोड लागते. भगवान बुद्धांनी या दोन्ही गोष्टी एकत्र सांगितल्या. माणसावर माया करणारे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. रोग कसा येतो, शरीर कसे चालते, हे जाणणारे मात्र अजून थोडे आहेत. ती उणीव तुम्ही भरून काढावयाची आहे.

आता आपल्या नारपोलीकडे या. नळाला पाणी ठराविक वेळी येते, म्हणून घरोघरी पिंप भरून ठेवावे लागते. डेंग्यूचा एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंडे, अळी, कोष आणि डास हा प्रवास आपल्या हवेत साधारण आठ ते दहा दिवसांत पुरा होतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा असे सांगतात. पण नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या कडेला चिकटून राहतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने तग धरतात. पिंप आतून घासलेच पाहिजे. डासाचे जीवनचक्र परीक्षेत लिहून गुण घेणारा मुलगा घरी आईला पिंप घासून देत नसेल, तर त्याने तो धडा वाचला खरा, पण शिकला नाही, असे आमचे नम्र मत आहे.

दुसरे उदाहरण लूमचे. आपल्यापैकी कित्येकांचे वडील यंत्रमागावर उभे असतात. श्वसनाच्या धड्यात वायुकोशांची आकृती असते. कापसाची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की बिसिनोसिस नावाचा आजार होतो. आठवड्याच्या सुटीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटणे ही त्याची ओळखीची खूण. ही खूण वडिलांना विचारा. तोंडाला फडके बांधायला लावा आणि वेळीच डॉक्टरकडे न्या. 2022 साली मुंबई, मालेगाव यांच्याबरोबर आपल्या भिवंडीतही गोवराची साथ आली होती. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर एकदा आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान पुन्हा एकदा द्यावयाची असते. शेजारच्या ताईच्या बाळाचे कार्ड पाहून दुसरा डोस राहिला आहे का, एवढे तर अकरावीची मुलगी नक्कीच सांगू शकते.

आता अभ्यासाविषयी. दहावीपर्यंत मराठीत शिकलेला मुलगा अकरावीचे इंग्रजी पुस्तक उघडतो आणि घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. सेल म्हणजे पेशी, न्यूक्लियस म्हणजे केंद्रक, ऑस्मॉसिस म्हणजे परासरण, हे तुम्ही आधीच शिकला आहात. एक वही करा, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी, आणि रोज दहा शब्द लिहा. आकृती पाठ करू नका, पुस्तक मिटून काढा आणि मग ताडून पाहा. प्रयोगशाळा तर स्वयंपाकघरातच आहे. काकडीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, ते परासरण. दूध विरजते, इडलीचे पीठ फुगते, ते सूक्ष्मजीवांचे काम.

माणसामाणसांतील भेदाबाबतही हे शास्त्र स्पष्ट बोलते. 1952 साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत एक अत्यंत दुर्मिळ रक्तगट शोधला. तो जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण त्या माणसाला ओ गटाचे रक्त चालत नाही, बॉम्बे गटाचेच लागते. प्राण वाचवायचा तर रक्तपेढीत गट विचारावा लागतो, जात नव्हे.

पालकांना एक विनंती आहे. बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज पाहतो. मुलाच्या क्लासच्या फीसाठी दागिने गहाण ठेवायला लोक येतात. डॉक्टर व्हावे ही इच्छा चांगली आहे. नीट परीक्षेच्या 720 गुणांपैकी 360 गुण जीवशास्त्राचे असतात आणि प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. तेव्हा जरूर प्रयत्न करा. पण तेथे नंबर लागला नाही म्हणून मूल वाया गेले असे समजू नका. नर्सिंग, फार्मसी, कृषी, सूक्ष्मजीवशास्त्र, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, मत्स्यविज्ञान, वनसेवा, शिक्षकी पेशा अशा अनेक वाटा याच विषयातून फुटतात. शैक्षणिक कर्ज मान्यताप्राप्त संस्थेतील अभ्यासक्रमासाठी मिळते. म्हणून आधी शिष्यवृत्तीचा आणि स्वाधार योजनेचा अर्ज भरा, दागिन्यांचा विचार सर्वांत शेवटी करा.

मुलींना विशेष सांगणे आहे. 1933 साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, बंगळूरच्या विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत, प्रवेश मिळवला आणि 1939 साली केंब्रिजची डॉक्टरेट घेतली. मुंबईत त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर संशोधन केले. घरातून 'मुलीला सायन्स कशाला' असा प्रश्न आला, तर हे नाव सांगा.

परमपूज्य बाबासाहेबांनी 1946 साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा कला शाखेबरोबर विज्ञान शाखाही ठेवली. त्यामागची दृष्टी आपण ओळखली पाहिजे. म्हणून संस्थेच्या सभासदांपुढे आम्ही एक सूचना ठेवतो. साधे शालेय सूक्ष्मदर्शक यंत्र काही हजार रुपयांत मिळते. आपण वर्गणी काढून एक घ्यावे आणि रविवारी सकाळी विहारात ठेवावे. अकरावी-बारावीच्या मुलांनी लहानांना कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी दाखवाव्यात. पहिली वर्गणी आमची धरावी.

विद्यार्थ्यांनो, तुमचे पुस्तक तुमच्या गल्लीच्या उपयोगी पडो, हीच मंगलकामना. 

नमो बुद्धाय! जय भीम!