समुद्रशैवाल : पाकिटातील आहार

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेनिमित्त आहार विभागातर्फे झालेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



बाह्यरुग्ण विभागात हल्ली अधूनमधून एक चकचकीत पाकीट माझ्या टेबलावर येते. परदेशाहून आलेल्या मुलाने वा सुनेने आणलेले. आत कागदासारखे पातळ, हिरवट-काळे, कुरकुरीत तुकडे. "हे शैवाल थायरॉइडला चांगले म्हणतात, रोज खाऊ का?" हा प्रश्न ठरलेला असतो. आजचे माझे बोलणे त्या प्रश्नापुरतेच आहे.

हा पदार्थ म्हणजे जपानची नोरी अथवा कोरियाचे गिम. तांबड्या वर्गातील हे शैवाल धुऊन, बारीक चिरून, पातळ थापून वाळवतात व भाजतात. म्हणून ते न शिजवता खाता येते. शतकानुशतके त्याची लागवड होत असली तरी त्याचे बीज कोठून येते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. ते कोडे मँचेस्टरच्या संशोधिका कॅथलीन ड्रू-बेकर यांनी १९४९ मध्ये उलगडले. शिंपल्यांत वाढणारी, निराळीच मानली गेलेली एक सूक्ष्म गुलाबी वनस्पती ही याच शैवालाची एक अवस्था आहे, असे त्यांनी दाखवून दिले. त्यानंतर शिंपल्यांवर बीज तयार करणे शक्य झाले. बाई १९५७ मध्ये निवर्तल्या; जपान त्यांनी पाहिलाच नाही. तरीही तेथील उतो येथे १९६३ मध्ये त्यांचे स्मारक उभे राहिले.

नोरीत प्रथिने भरपूर, हे खरे. पण पाकीट जेमतेम पाच ग्रॅमचे! त्याहून मूठभर मटकी बरी. शिवाय चवीच्या प्रकारांवर तेल-मीठ लावलेले असते. रक्तदाबाच्या रुग्णांनी ते ध्यानात घ्यावे.

आता आयोडीनविषयी. प्रौढ व्यक्तीस दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरते, आणि आपल्या आयोडीनयुक्त मिठातून त्यातील बराच भाग मिळतो. एक ग्रॅम नोरीत साधारण १५ ते ४५ मायक्रोग्रॅम आयोडीन असते. मात्र कोंबू नावाच्या जाड, तपकिरी शैवालात तेवढ्याच वजनात दोन हजारांहूनही अधिक असू शकते, म्हणजे जवळपास तेरा दिवसांचा वाटा. आयोडीन कमी पडले तर थायरॉइड बिघडते, अति झाले तरीही बिघडते. आपल्याकडे थायरॉइडची गोळी घेणाऱ्या पुष्कळांचे दुखणे मुळात आयोडीनच्या अभावाचे नसतेच. गर्भवतींनी तर कोंबू व त्याच्या गोळ्या-चूर्णे यांपासून दूरच राहावे. हिजिकी नावाचे काळे शैवालही टाळावे; त्यातील अजैविक आर्सेनिकमुळे ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेने २००४ मध्ये ते न खाण्याचा सल्ला दिला.

निरोगी माणसाने कधीमधी चार तुकडे नोरी खाल्ली तर माझी हरकत नाही. थायरॉइडच्या रुग्णांनी मात्र पाकीट फोडण्यापूर्वीच ते आणि आपला तपासणी अहवाल घेऊन यावे. दोन्ही समोर ठेवूनच उत्तर देता येईल.